पेन द्यायच्या आधी

मंगल, काल मी तुझ्याविरुद्ध नोटीस काढली. माझ्या हातानं टाइप केली. तुझ्या चुकीमुळे माझ्या पक्षकाराचं नुकसान झालंय, ते भरून द्यावं, असं त्यात लिहिलं आणि खाली सही केली. मग तुझ्याच टेबलावर डोकं ठेवून रडले. बाहेर व्हरांड्यात नेहमीसारखी गर्दी होती, पुकारे चालू होते. कुणी आत डोकावलं असतं तर त्याला वाटलं असतं, बाई केस हरली.

तुला जाऊन अजून महिना व्हायचाय. बार रूममधल्या शोकसभेत सगळे चांगलं बोलले. मंगलताई किती अभ्यासू, किती हसतमुख. हसतमुख! सकाळी कोर्ट बसायच्या आधी ज्यानं तुझं तोंड बघितलंय तो असं म्हणणार नाही. मी तिथं बोललेच नाही. मला जे बोलायचं होतं ते भांडण होतं, आणि शोकसभेत भांडता येत नाही. एवढी वर्षं परभणीच्या कोर्टात एका चेंबरमध्ये आपण समोरासमोर बसलो, आणि त्यातली निम्मी वर्षं तरी एकाच गोष्टीवर भांडलो. ते भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलीस. हे मला अजिबात पटलेलं नाही.

तुझी ती सवय. नवा पक्षकार यायचा, घाबरलेला, कागदांची पिशवी छातीशी धरलेला. तू त्याचं सगळं ऐकून घ्यायचीस, वकीलपत्र त्याच्यापुढे सरकवायचीस, आणि सहीसाठी तो पेन मागायला लागला की पेन आपल्याच मुठीत धरून ठेवायचीस. "थांबा. आधी माझं ऐका. मी मन लावून काम करते. पण मी माणूस आहे, मी चुकू शकते. माझ्या चुकीनं तुमचं नुकसान झालं तर त्यासाठी माझा विमा आहे. तेव्हा गप बसायचं नाही, लाजायचं नाही. माझ्याकडे मागायचं." एवढ्यावर भागायचं नाही. "आता सांगा बरं, काय म्हणले मी?" आणि तो बिचारा शाळेत उभं केल्यासारखा ते सगळं परत म्हणून दाखवायचा. अडखळला की तू पहिल्यापासून सुरू करायचीस. सगळं नीट म्हणून झालं की मगच पेन.

मी समोर बसून दात-ओठ खायची. माणूस आपल्याकडे येतो तो धीर मिळावा म्हणून. त्याला पहिल्याच दिवशी 'मी चुकू शकते' सांगायचं म्हणजे काय? पाथरीकडचे ते मोठे बागायतदार आठवतात? भावाभावांच्या वाटणीचा दावा होता, चांगला वर्षानुवर्षं चालला असता. तुझं भाषण ऐकलं, उठले, आणि व्हरांड्यातून सरळ पलीकडच्या चेंबरमध्ये गेले. जाताना मुलाला म्हणाले, "चल रे, ही चुकणार म्हणूनच आधी सांगायली." मी तुझ्यावर तीन दिवस उखडले होते. तू डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्या पोळीवर वाढत म्हणालीस, "नंदे, जाऊ दे. त्यांना न चुकणारा वकील पाहिजे, आपल्याकडे तो नाही." सुनंदा या चांगल्या नावाचं नंदे करणारी तू एकटीच होतीस. आता कुणी करणार नाही.

हे खूळ तुझ्या डोक्यात आलं कुठून, ते तू कधी नीट सांगितलं नाहीस. दरवेळी वेगळं कारण. मला मात्र वाटतं ते जीपमधून आलं. पाथरीला तुझ्या माहेरी जाताना एसटी चुकली की आपण जीपवर जायचो. बसायच्या आधी तू ड्रायव्हरला विचारायचीस, "दादा, गाडीचा विमा आहे का?" आत बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा तो ड्रायव्हर चाचरला, "हाय की मॅडम, घरी हाय कागद," तर आधीच आत जाऊन बसलेल्या मला तू हाताला धरून खाली उतरवलंस. भर उन्हात पुढच्या गाडीची वाट बघत उभ्या होतो. मी चिडून म्हणाले, "असं कुणी विचारतं का?" तू म्हणालीस, "जीपवाल्याला विचारता येतं. वकिलाला विचारायचं धाडस कुणाला होत नाही. म्हणून न विचारता सांगायचं." मी म्हणाले, "जीप उलटली तर माणसं मरतात, मंगल." तू रस्त्याकडे बघत म्हणालीस, "आपण चुकलो तर घर जातं. मग मेलेलं परवडलं म्हणणारी माणसं मी बघितलीत." मी ऊन किती आहे त्यावर बोलले.

माझंही काही अगदीच चूक नव्हतं, हे तुला आजही सांगते. तू म्हणायचीस, हा नियमच करायला हवा. प्रत्येक वकिलानं पक्षकाराला सांगायचं, विमा आहे की नाही, आणि असला तर केवढा. मी म्हणायची, म्हणजे मोठ्या वकिलांचंच फावणार. खेड्यातून आलेली, घरात पहिल्यांदाच काळा कोट घातलेली पोरगी बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलीय, ती कुठून विमा काढणार? तिनं 'नाही' म्हटलं की पक्षकार पळाला. तू म्हणालीस, "मी कोण होते मग? माझ्या घरात माझ्याआधी वकील सोड, कोर्टाची पायरी कुणी साक्षीदार म्हणूनसुद्धा चढलं नव्हतं. माझा विमा नव्हता तेव्हा मी 'नाही' म्हणूनच सांगत होते. खरं सांगायला कुठं पैसे पडतात?" हे खरं होतं. पहिली काही वर्षं तू पेन मुठीत धरून 'माझा विमा नाही' असंच सांगायचीस. पक्षकार जायचे, काही राहायचे. जे राहायचे ते तुला सोडून कधी गेले नाहीत, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि तोंडानं कधी कबूल केलं नाही. तरी त्या झाडाखालच्या पोरीचं काय, याचं उत्तर तू मला द्यायचं राहिलंच. सगळ्यांत तुझ्याएवढी छाती नसते.

आणि दरवर्षी हप्ता भरायच्या वेळी तुझा तो प्रश्न. "नंदे, तुझाही काढू का?" मी म्हणायची, मला पिंगळीची देवी आहे. तू गंभीर चेहऱ्यानं विचारायचीस, "तिचं वकीलपत्र दाखल केलंस का?" घरात बाबासाहेबांच्या तसबिरीशिवाय दुसरं काही न ठेवणारी तू, आमच्या जत्रेला मात्र न चुकता यायचीस. पुरणपोळी खाऊन झाली की माझ्या सासूला म्हणायचीस, "काकू, हिला सांगा, देवी अपील करत नाही." म्हातारी पदरानं डोळे पुसेपर्यंत हसायची. तू गेल्याचं कळलं त्या दिवशी तिनं जेवण सोडलं.

आता केवळबाईंचं.

पालमच्या बसस्टँडजवळ बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या केवळबाई. नवरा गेल्यावर दिरानं त्या दुकानाची जागा परस्पर विकून टाकली. ते खरेदीखत रद्द करून घ्यायचा दावा तू त्यांच्यासाठी केलास. दावा जिंकला तर जागा राहणार, नाही तर दुकान उठणार, आणि दुकानाशिवाय त्यांना दुसरं काही नाही. कागदपत्रं गोळा होता होता मुदतीचा शेवटचा दिवस आला, आणि त्याच दिवशी कलेक्टरांनी जिल्ह्यात स्थानिक सुट्टी दिलेली. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असलं तर उघडल्या दिवशी दाखल केलेला दावा चालतो, हे आपल्याला झोपेतही माहीत. इतकी वर्षं त्या सुट्टीला कोर्टही बंद असायचं. त्या वर्षी नव्हतं. तहसील बंद, रजिस्ट्री बंद, शाळा बंद, आणि कोर्ट तेवढं चालू. तू घरी पडदे धूत बसलीस. मीही पिंगळीला घरच्या लग्नात होते, नाहीतर फोन करून तुला तशीच ओल्या हातानं आणली असती. दुसऱ्या दिवशी तू दावा दाखल केलास. एक दिवस उशिरा. दाव्याला उशीर माफ होत नाही.

ही चूक परभणीतल्या कुठल्याही वकिलाकडून झाली असती. पण झाली तुझ्याकडून. समोरच्या वकिलानं मुद्दा काढला, तू जेवढं लढायचं तेवढं लढलीस, आणि त्या शुक्रवारी न्यायाधीशांनी दावा मुदतबाह्य म्हणून फेटाळला.

निकाल ऐकून आपण बाहेर आलो. केवळबाई व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांना काही कळलं नव्हतं, नुसत्या आपल्या तोंडाकडे बघत होत्या. मी तुझा दंड धरला. हळूच म्हणाले, "आत्ता काही सांगू नकोस. अपिलाचं बघू आधी. मग सांगता येईल." तू माझा हात काढलास आणि म्हणालीस, "तू गप गं."

मग तू खाली पायरीवर त्यांच्याशेजारी बसलीस, काळ्या कोटासकट, धुळीत. म्हणालीस, "केवळबाई, दावा गेला. तुमची बाजू खोटी नव्हती. मी एक दिवस उशिरा दाखल केला. माझ्याकडून चुकलं." व्हरांड्यातले दोन-तीन वकील चालता चालता थांबले. मी इतकी वर्षं कोर्टात आहे, पण वकिलाच्या तोंडून पक्षकारापुढे असं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. दोष आपण न्यायाधीशांना देतो, कारकुनाला देतो, पक्षकारानं कागद उशिरा आणले म्हणतो. आणि केवळबाईंनी कागद खरंच उशिरा आणले होते! ते तू बोललीसही नाहीस. म्हणालीस, "सोमवारी या. विमा कंपनीला आपण दोघी मिळून लिहू." त्या क्षणी मला तुझा इतका राग आला होता आणि इतका अभिमान वाटला होता की मी तिथून सरळ कँटीनला निघून गेले. तुझ्याशी बोलले नाही. शनिवारीही फोन केला नाही. रविवारी पहाटे तुझ्या नवऱ्याचा, प्रकाशदाजींचा फोन आला, तू गेलीस म्हणून.

'तू गप गं.' हेच तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

सोमवारी केवळबाई आल्या. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आता कशाचं लिव्हायचं? ऱ्हाऊ द्या ताई." आणि पालमची गाडी धरून गेल्या.

तुझी पॉलिसी या महिनाअखेर संपते. केवळबाईंची मागणी त्याआधी लेखी गेली नाही तर कंपनी हात वर करणार. अपील मी करतेच आहे, पण त्यात किती दम आहे ते तुलाही माहीत आहे. मी बारमधल्या दोघा-तिघांना विचारलं, तुम्ही करता का केवळबाईंचं काम, मला ते व्हायचं नाही. कुणी तयार होईना. एक ज्येष्ठ म्हणाले, "गेलेल्या बाईचं नाव कशाला खराब करता? शिवाय वकिलाकडून भरपाई मागता येते हे एकदा गावात कळलं की उद्या आपल्या दारात रांग." मंगल, हे रांगेचं म्हणणं माझंच. शब्दन् शब्द माझा, डबा खाताना तुला सांगितलेला. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि मला ते कसंतरीच वाटलं.

तरी माझा हात चालेना. तुझ्या नावापुढे निष्काळजीपणा हा शब्द मी लिहायचा? मी प्रकाशदाजींकडे गेले. मला वाटलं होतं, ते नको म्हणतील आणि मी सुटेन. शाळेतून नुकतेच आले होते, शर्टाला खडू लागलेला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सुनंदाताई, तुम्ही दोघी त्यावर किती भांडायच्या. ती घरी येऊन मला सगळं सांगायची. आता भांडायला ती नाही म्हणून तुम्ही जिंकलात असं होतं का?" मग आत जाऊन पॉलिसी आणून दिली. चहा मात्र त्यांनी फार गोड केला होता. तुझ्यामागे त्यांना अंदाज येत नाही.

म्हणून मी पालमला गेले. केवळबाई दुकानातच होत्या, एका नव्या नवरीच्या हातात चुडा भरत होत्या. नवरी गेली आणि मी विषय काढला. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले.

"मेलेल्या बाईवर दावा लावायचा? न्हाई ताई. आमी तसलं करत न्हाई."

"दावा नाही हो. कंपनी देणार आहे."

"पर नाव तर तिचंच येणार न्हवं? तिची चूक हाय म्हनून लिव्हावं लागंल न्हवं?"

"लागेल."

"मग न्हाई. माझ्या शेजारी धुळीत बसली ती. माझं चुकलं म्हनली. आजवर कोन म्हनलंय मला तसं? माझा दीर म्हनला? तुमी बी काय बोलायलाव ताई, तुमी तर मैतरीन तिची."

इतकी वर्षं मी तुला बजावत होते, सांगशील तर हेच लोक उलटून तुझ्या अंगावर येतील. आणि ही बाई, जिचं सगळं गेलं, ती अंगावर यायला तयार नव्हती, ते तू खरं सांगितलंस म्हणून. तुझ्यासमोर एवढी सपशेल मी कधी हरले नव्हते. पण त्यानं केवळबाईंचं दुकान वाचणार नव्हतं. दुकानाबाहेर बसगाड्या येत-जात होत्या. मग मला तुझी ती मूठ आठवली.

मी विचारलं, "केवळबाई, वकीलपत्रावर सही करायच्या आधी मंगलनं पेन दिलं होतं का लगेच?"

त्या एकदम हसल्या. "कुठलं! धरूनच बसली की. मला म्हनायला लावलं समदं. दोनदा चुकले मी."

"काय म्हणायला लावलं?"

केवळबाईंनी पदर सावरला. कविता म्हणतात तशा ताठ बसून म्हणाल्या, "मी मानूस हाय, मी चुकू शकते. माझ्या चुकीनं तुमचं नुसकान झालं तर त्याच्यासाठी माझा विमा हाय. तवा गप बसायचं न्हाई. लाजायचं न्हाई. माझ्याकडं..." तिथं त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "माझ्याकडं मागायचं. आन् मी हो म्हनले होते ताई. हो म्हनल्यावरच तिनं पेन दिलं मला."

मग त्यांनी डोळे पुसले, गल्ला बंद केला, आणि शेजारच्या चपलांच्या दुकानदाराला म्हणाल्या, "अण्णा, दुकानाकडं बघा जरा. मी परभणीला जायलेय. मंगलताईला दिलेला शब्द हाय."

काल सही करताना त्यांनी मला एकच अट घातली. नोटिशीत मी असंही लिहावं की चूक कळल्यावर वकीलबाईंनी स्वतः होऊन सांगितली. मी लिहिलं. कायद्यानं त्या वाक्याला काही वजन नाही, उलट कंपनीचा वकील त्यावर नाक मुरडेल. पण ते वाक्य मी काढणार नाही. प्रकाशदाजींनी वारस म्हणून नोटीस हातोहात घेतली, सही करून दिली, आणि केवळबाईंना नमस्कार केला. एक प्रत कालच कंपनीला पाठवली; ती देईल की नाही, किती देईल, ते कळायला वेळ लागेल. तू असतीस तर त्यांचा पिच्छा पुरवला असतास. आता मी पुरवीन. तुझ्याइतकी चिकट मी नाही, पण तोंडानं फटकळ आहे, त्याचा काही उपयोग होईल.

आज सकाळी केवळबाई परत आल्या. एकट्या नाही. तो चपलांचा दुकानदार सोबत, त्याचं गावाकडच्या वाटेचं काहीतरी प्रकरण. "हे आमचे अण्णा. यांचं काम तुमीच करा," म्हणाल्या. मी सगळं ऐकलं. चांगली केस आहे, उभी राहील. वकीलपत्र काढून त्यांच्यापुढे सरकवलं. अण्णांनी पेनासाठी हात पुढे केला, आणि केवळबाई माझ्याकडे बघायला लागल्या. नुसत्या बघत होत्या, तुझ्या खुर्चीच्या बाजूला उभ्या राहून.

पेन माझ्या मुठीत होतं. ते मी मुद्दाम धरलं होतं की नुसतं राहिलं होतं, मला सांगता येणार नाही.

मी म्हणाले, "अण्णा, आधी ऐका. मी चुकू शकते. आणि माझा विमा नाही."

अण्णांनी हात मागे घेतला. थोडा विचार केला. राग नाही, काही नाही. गिऱ्हाइकाच्या पायाचं माप नसलं की सांगावं तितक्या सहज म्हणाले, "न्हाई का? मग काढा की ताई. मी पुढल्या मंगळवारी येतो." पिशवी उचलली आणि गेले. केवळबाई त्यांच्यामागून गेल्या, दारात वळून मला म्हणाल्या, "येतेत ते. शब्दाचे पक्के हायेत."

हातात पेन, पुढे कोरं वकीलपत्र. पहिल्याच वाक्याला पक्षकार पळाला, मंगल. मी तुला सांगितलं होतं की नाही?

दुपारी मी तुझ्या विमा एजंटाला फोन लावला. तो म्हणाला, मॅडम, मंगलताई दरवर्षी तुमचं नाव सांगायच्या, यंदा विचारून बघते म्हणायच्या. मंगळवारच्या आत होईल म्हणतो. झालं तर अण्णांना 'आहे' म्हणून सांगेन. नाही झालं तर 'नाही' म्हणूनच सांगेन, ते बसोत की जावोत.

आणि तुझी ती समोरची खुर्ची मी भिंतीकडे वळवून ठेवलीय. तू त्यात बसून कशी बघत असशील ते मला ठाऊक आहे. एक अक्षर बोलू नकोस. तू गप गं.